डिस्कला हात लावण्याआधी इन्स्टॉलरने काय करावं

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंदूरला रामबाग, लोकमान्य नगरकडच्या घरांतून चांगले चालते लॅपटॉप केवळ टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही म्हणून विंडोज ११ ला मुकतात. त्यांवर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम उत्तम चालते. घात होतो तो ती इन्स्टॉलरने, म्हणजे बसवणाऱ्या प्रोग्रॅमने, बसवताना.

सगळ्यात धोक्याचा पडदा डिस्क निवडण्याचा. लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्डडिस्क असते. इन्स्टॉलर त्यांची नावं दाखवतो ‘एनव्हीएमई०एन१’ आणि ‘एसडीए’. विंडोज १००० ऐवजी १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तिथे तीच एसएसडी २३८ जीबी दिसायची, म्हणजे आकड्यावरूनही ओळख पटत नाही. इन्स्टॉलरने डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडावी आणि कंपनी, मॉडेल, दोन्ही पद्धतींचे आकडे, शिवाय वरवरच्या फोल्डरांची नावं दाखवावीत. ‘दुकान हिशेब’, ‘मुंजीचे फोटो’ हे वाचलं की कोणाचाही हात थांबतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर ‘कुलूपबंद, आतलं दिसत नाही’ असं स्पष्ट लिहावं. अशा डिस्कला ‘अनोळखी’ म्हणणं घातक आहे, कारण माणूस ती रिकामी समजतो. ज्या पेनड्राइव्हवरून काम चाललंय तो यादीत नकोच. आणि शेवटच्या बटणावर ‘पुढे’ नको, ‘ही डिस्क पुसा आणि लिनक्स बसवा’ असं हवं.

विंडोज ठेवायचं असेल तर फास्ट स्टार्टअप आडवं येतं. शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि त्याचं एनटीएफएस पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, लिनक्ससाठी लहान करता येत नाही. इथे ‘एरर’ म्हणून सोडून देऊ नये. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, मग रीस्टार्ट करून थेट पेनड्राइव्हवरून चालू करा, एवढं सांगावं. इंटेल आरएसटी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) चालू असल्याने एसएसडी दिसतच नसेल, तर रिकामी यादी न दाखवता कारण सांगावं. सेफ मोडची तयारी न करता बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) आरएसटीऐवजी एएचसीआय ही साधी पद्धत केली की विंडोज उठत नाही, हेही तिथेच लिहावं.

कीबोर्डची अडचण आपल्याकडची खास. ‘भारत’ निवडलं की काही ठिकाणी थेट देवनागरी मांडणी लागते. मग युजरनेम उमटत नाही. त्याहून वाईट म्हणजे डिस्क एन्क्रिप्शनचा पासवर्ड देवनागरीत पडला, तर बूट होताना तो टाइप करायची सोयच नसते. म्हणून पासवर्डच्या चौकटीत मांडणी इंग्रजीच सक्तीची असावी; मराठी इनस्क्रिप्ट ही देवनागरी मांडणी दुसरी म्हणून जोडावी.

घड्याळाचंही तसंच. लिनक्स मशीनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर, त्यामुळे विंडोज साडेपाच तास मागे पडतं. शेजारी विंडोज दिसलं की घड्याळ कोणत्या वेळेवर ठेवायचं, हा एक प्रश्न इन्स्टॉलरने विचारावाच.