रजिस्टरची ओळ

3 नोव्हेंबर 2024, रविवार
नागपूर

यंदाही भाऊबीज व्हिडिओ कॉलवरच झाली. मोबाईलसमोर निरांजन धरून धाकट्याला ओवाळलं. कॅलिफोर्नियात तेव्हा सकाळ होती. त्याच्या मागे टेबलावर एक लिफाफा पडलेला दिसला. म्हणाला, "मतपत्रिका आहे, पोस्टानं आली." नागरिक झाल्यावर अध्यक्षपदासाठीचं हे त्याचं पहिलं मतदान. परवा मंगळवारी शेवटचा दिवस, आणि लिफाफा अजून फोडलेलाही नाही!

"काहून फोडू, ताई? माझ्या एका मतानं काय फरक पडते? इथं कोण जिंकणार ते सगळ्यांना माहीत आहे."

त्याचं अगदीच चुकतंय असं नाही. तिथे देशभरची मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही. राज्याराज्यांतून निवडलेले 538 निर्वाचक म्हणजे प्रतिनिधी तो ठरवतात, त्यातले 270 हवेत. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात ज्याला जास्त मतं, त्याला तिथले सगळे निर्वाचक. वायोमिंगच्या सहा लाखांहून कमी लोकांना 3, कॅलिफोर्नियाच्या जवळपास चार कोटींना 54. हे मलाही खटकतं. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत 'एक व्यक्ती, एक मत' याच्याबरोबरच 'एक मत, एक मूल्य' सांगितलं. दीक्षाभूमीच्या गावात वाढलेल्या माणसाला असला हिशेब कसा पटावा?

मी त्याला 2000 सालचं फ्लोरिडा सांगितलं. जवळपास साठ लाख मतांत 537 चा फरक, आणि त्यावर अध्यक्ष ठरला. आपल्याकडचं राजस्थानातलं नाथद्वाराही सांगितलं. 2008 च्या विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी तिथे एका मताने हरले. तो म्हणाला, "असं कितीदा होते?" क्वचितच होतं, हे मला मान्य करावं लागलं.

मग एप्रिलमधली ड्युटी सांगितली. लोकसभेचं मतदान, 19 तारीख, वर ऊन मी म्हणत होतं. संध्याकाळी मशीन बंद केलं आणि आकडा मतदारांच्या सह्यांच्या रजिस्टरशी जुळेना. मशीनमध्ये एक मत जास्त. पहाटेपासून उभे असलेले आम्ही सगळे, बाहेर बस थांबलेली, पोलिंग एजंट समोर बसलेले. एकानं काय होते, असं कुणी म्हणालं नाही. पहिल्या पानापासून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. एक अनुक्रमांक दोनदा पडला होता. त्या ओळीत सहीच्या जागी अंगठा होता, शाई थोडी पसरलेला. अंगठा कुणाचा ते आठवत नाही, पण त्या माणसाचं मत हिशेबात आल्याशिवाय आमच्यापैकी कुणी घरी गेलं नाही.

तो गप्प झाला. मग मी विचारलं, फक्त अध्यक्षच आहे का त्या कागदावर? राज्याचे दहा प्रस्ताव आहेत म्हणे, त्यात घरभाड्याच्या नियंत्रणाचा 33 क्रमांकाचा. भाडं वाढलं म्हणून दर फोनवर हाच कुरकुरतो! त्याने लिफाफा पुढ्यात ओढला. पाकिटावर सही विसरू नकोस, एवढं मी सांगितलं.

विधानसभेच्या 20 तारखेची माझी ऑर्डर आली आहे. मतदान अधिकारी क्रमांक 2. म्हणजे या वेळी रजिस्टर माझ्याच हाती.