तन्सीक आली का? एरेझच्या दाराशी माझा अनुभव

सकाळी सातला मी एरेझच्या, म्हणजे इस्रायल आणि गाझामधल्या नाक्याच्या, वाहनतळावर गाडी लावून बसले होते. 2016 चा फेब्रुवारी, काचेवर दव. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली, आणि तिचा पट्टा नीट बसलाय का हे मी तिसऱ्यांदा चाचपून पाहत होते. समोर विमानतळासारखी भलीमोठी इमारत, तिच्यामागे जाळ्यांनी बंद केलेली किलोमीटरभर लांब वाट, आणि वाटेच्या टोकाला गाझा. मला पुढे जायची मुभा नव्हती. इस्रायली नागरिकाला गाझात पाऊल टाकता येत नाही. तिकडून एक आजी आणि तिचा पाच वर्षांचा नातू यायचे होते. नातवाला रक्ताचा कर्करोग.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. जन्म अलिबाग तालुक्यातला. 1964 साली, अकराव्या वर्षी, आईवडिलांबरोबर इथे इस्रायलमध्ये आले आणि गाझाजवळच्या अश्कलोन शहरातच वाढले. घरात अजून मराठी बोलतो, मलिदाही करतो. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर वर्षभरात ‘रोड टू रिकव्हरी’ या संस्थेत नाव नोंदवलं. पॅलेस्टिनी रुग्णांना नाक्यावरून घ्यायचं, इस्रायली रुग्णालयात पोहोचवायचं, एवढंच तिचं काम. ती उभी केली युवाल रॉथ यांनी. 1993 मध्ये त्यांच्या भावाला हमासच्या माणसांनी पळवून नेऊन मारलं. पुढे आप्त गमावलेल्या दोन्हीकडच्या कुटुंबांच्या मंडळात ते जाऊ लागले. तिथल्या एका पॅलेस्टिनी ओळखीच्याने आपल्या आजारी भावाला रुग्णालयात सोडशील का असं विचारलं, आणि 2006 पासून हे सुरू झालं.

माझं काम सोपं होतं. आदल्या संध्याकाळी फोन येई: किती वाजता, किती माणसं, मुलाची खुर्ची लागेल का. अवघड काम त्यांचं होतं. ते मला त्या आजीकडून कळत गेलं. तिचा नवरा 1980 च्या दशकात आमच्याच अश्कलोनमध्ये बांधकामावर होता, त्यामुळे तिला मोडकंतोडकं हिब्रू येई. मी तिला मानाने ‘हाज्जा’ म्हणायचे, ती मला ‘उख्ती’, म्हणजे बहीण.

आधी गाझातल्या डॉक्टरने लिहून द्यायचं की हा इलाज इथे होत नाही. त्यावर ‘तहवीला’ मिळवायची, म्हणजे खर्च उचलण्याची हमी. मग इस्रायली रुग्णालयाची तारीख. ते सगळे कागद पॅलेस्टिनी कचेरीमार्फत इस्रायली लष्कराच्या कचेरीकडे. तिथून सुरक्षेची तपासणी. मग वाट पाहायची. परवानगीला तिकडे लोक ‘तन्सीक’ म्हणतात, आणि घरोघरी एकच प्रश्न: तन्सीक आली का? उत्तर बहुधा आदल्या दिवशी येई. मंजूर, नामंजूर, किंवा ‘तपासणी चालू आहे’. हे तिसरं सगळ्यात वाईट. नकार आला तर निदान दुसरी धडपड करता येई. तपासणी चालू असे आणि रुग्णालयाची तारीख निघून जाई.

नातवाबरोबर आई का नाही, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. आई तरुण. तरुण माणसाची तपासणी कडक, म्हणून तिची परवानगी लटकलेली. गाझातून येणाऱ्या आजारी मुलांबरोबर आज्याच का असत, याचं उत्तर हे. केमोथेरपीने उलट्या होणारं पोर आईला हाका मारत मागच्या सीटवर रडे, आणि आई साठ-सत्तर किलोमीटरवर फोन धरून बसलेली असे.

दुसऱ्या फेरीला आजीने पदराखालून प्लास्टिकची छोटी बरणी काढून माझ्या हातात दिली. तपकिरी पूड. ‘दुक्का’, ती म्हणाली, पावाबरोबर खा. मी बोटाने चाखली आणि गाडी सुरू करायची विसरले. भाजलेला गहू, डाळ, धने, जिरं. हे तर आमचं मेतकूट! शेपूचं बी आणि सुमाकचा आंबटपणा एवढाच फरक. आई पावसाळ्याआधी जात्यावर दळायची तोच वास. पुढच्या खेपेला मी मेतकुटाची डबी नेली. आजीने चाखून बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, तुमच्याकडे गहू कमी भाजतात. 2017 मध्ये नवा नियम आला. गाझातून बाहेर पडताना खाण्याचे पदार्थ बरोबर आणायचे नाहीत. पाच वर्षांच्या पोराचं बिस्किटसुद्धा नाही. सुरक्षेचं कारण मला कळतं, अश्कलोनमध्ये रॉकेटचा भोंगा झाला की आम्हाला तीस सेकंद मिळतात, हे सगळं मी भोगलंय. पण बरणीभर दुक्क्याने मला कोणता धोका होता ते कुणी सांगितलेलं नाही.

एकदा परतताना चार नंबरच्या हमरस्त्यावर अश्कलोनची पाटी दिसली तशी आजी म्हणाली, ‘उख्ती, गाडी जरा सावकाश.’ तिचे आईवडील मजदलचे. आज जे अश्कलोन, त्याच्या पोटात हे जुनं अरब गाव. 1948 च्या लढाईत बहुतेक लोक पळाले आणि उरलेल्यांना 1950 मध्ये गाझाकडे हलवलं. मजदलचे विणकर नावाजलेले होते. तिचे वडील त्यातलेच. आमचं घर त्याच भागात, जुन्या मशिदीपासून दहा मिनिटांवर. लहानपणी आम्ही ‘जुनी दगडी घरं’ म्हणायचो, कोणाची ते विचारलं नव्हतं. तिला गल्लीतून एक फेरी मारून आणावी असं फार वाटलं. परवाना फक्त रुग्णालयाचा, मध्ये थांबायचं नाही. थांबले असते आणि पकडले असते तर पुढची तन्सीक तिला मिळाली नसती. मी ताशी चाळीसवर गाडी ठेवली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. ती खिडकीला कपाळ टेकून बसली होती.

त्या वर्षी, 2017 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार गाझाच्या रुग्णांच्या अर्जांपैकी फक्त 54 टक्के वेळेत मंजूर झाले. उरलेल्यात आमचा नातूही एकदा होता. सलग दोन तारखा हुकल्या. मी फोन करत सुटले. प्रत्येक ठिकाणी सभ्य आवाजात ‘तपासणी चालू आहे’. मला माझा मामा आठवला. 1962 मध्ये इथे हुकूम निघाला होता की बेने इस्रायलांच्या लग्नाआधी आईकडची वंशावळ तपासा, ते खरे ज्यू आहेत का बघा. मामाला आजीच्या आजीचा दाखला कोकणातून मागवायला लावलं. आमच्या लोकांनी आंदोलन केलं, संसदेने 1964 मध्ये आमच्या बाजूने ठराव केला आणि तो छळ संपला. आम्हाला मत होतं, रस्त्यावर बसायला जागा होती. हाज्जाकडे यातलं काय होतं? अखेर एका मानवाधिकार संस्थेच्या वकिलाने पत्र लिहिलं आणि तिसऱ्या तारखेला दोघं आली. पोर हाडं झालं होतं. तरी खुर्चीत बसताना त्याने पट्टा स्वतः लावून दाखवला.

2019 मध्ये उपचार संपले. शेवटच्या फेरीला प्रथमच आई आली होती. ती काही बोलली नाही, उतरताना माझा हात दोन्ही हातांत धरला.

7 ऑक्टोबर 2023 ला हमासने एरेझ फोडलं. त्या दिवशी सुमारे 1,200 माणसं मारली गेली, 251 ओलीस नेली. गाझाच्या सीमेजवळच्या बेएरी किबुट्झमधल्या (सामूहिक वसाहतीतल्या) 74 वर्षांच्या व्हिवियन सिल्वर गाझाच्या रुग्णांना अशाच नेत असत. त्या ओलीस आहेत असं वाटत होतं. महिनाभराने त्यांच्या अवशेषांची ओळख पटली. मी ममादमध्ये, म्हणजे घरातल्या सुरक्षित खोलीत, बसून हे ऐकत होते आणि हमासबद्दल जी चीड आली ती अजून गेलेली नाही. मग गाझावर बाँब पडू लागले. तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीत मृतांचा आकडा पुढे 60,000 च्या वर गेला. ओळखीचे लोक विचारायचे, अजून तुला त्यांचीच काळजी? होय, अजून. काळजीला मी दोन खाती काढलेली नाहीत.

हाज्जाचे निरोप येत राहिले. घर गेलं. खान युनिसला आहोत. नातू पाण्याच्या रांगेत उभा राहतो, उंच झालाय. शेवटचा निरोप मे 2024 चा: रफाहून निघतोय, कुठे ते ठरलं नाही.

एरेझवर आता रुग्णांना घ्यायला कोणी जात नाही. आमच्या फेऱ्या वेस्ट बँकच्या नाक्यांवरून चालतात. काल संध्याकाळी फोन आला: तरकुमिया, सकाळी साडेसहा, चार वर्षांची मुलगी, बरोबर आजी. मी विचारलं, तन्सीक आली का? आली आहे, म्हणाले. खुर्ची माळ्यावरून काढून पुसली आणि पट्टा दोन बोटं आखूड केला.