अप्पांच्या गोळ्या

महिनाअखेरीस अप्पांच्या डब्यात मधुमेहाच्या गोळ्या उरलेल्या दिसायला लागल्या. विचारलं तर म्हणाले, "एक दिवसाआड घेतो. साठ रुपयांची एक गोळी, रोज कशाला?" ७४ वर्षांचा माणूस पैसे वाचवायला औषध चुकवतो, हे ऐकून त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच आठवड्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायचा होता. ४४ हजार. २२ सप्टेंबरपासून जीएसटी गेला होता म्हणून, नाहीतर आणखी आठेक हजार लागले असते. विमा बंदच करावा असं वाटलं, कारण सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ते काढायला बसलो तर शेतीत झिजलेल्या बोटांचे ठसे जुळेनात. शेवटी चेहरा दाखवून ओळख पटली. पण आमच्या जवळचं रुग्णालय त्या कार्डाच्या यादीत नव्हतं, म्हणून विमाही ठेवला.

आणि तेव्हा कळलं की आमचा विमा काय, कार्ड काय, सगळं दवाखान्यात भरती झाल्यावरचं. रोजच्या गोळ्यांचा खर्च आपलाच.

मग मी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेले. "डॉक्टर, औषध तेच ठेवून कंपनी बदलली तर चालेल का?" एवढंच विचारलं. ती महागडी गोळी एम्पाग्लिफ्लोझिनची. तिचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलंय आणि बऱ्याच कंपन्यांनी ती बाजारात आणलीय, हे त्यांनीच सांगितलं. जुनं नाव खोडून त्यांनी औषधाचं मूळ नाव लिहिलं. मेडिकलमध्ये तीच गोळी दहा रुपयांच्या आत मिळाली. सात महिने आम्ही साठ रुपये मोजत होतो, आणि तेही अर्धवट औषधासाठी. हे मला अजून सलतं.

रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन जनऔषधी केंद्रातून आणते. अप्पांना आधी कुठल्याच स्वस्त गोळीवर भरवसा नव्हता, "स्वस्तातलं लागू पडतं होय?" म्हणायचे. तीन महिन्यांनी सरासरी साखरेचा रिपोर्ट डॉक्टरांनी त्यांनाच वाचून दाखवला, मग गप्प झाले.

केंद्रात कधी कधी माल संपलेला असतो. म्हणून गोळ्या संपायच्या दहा दिवस आधीच जाते.