अंतर ठाम, वेळ चंचल

लांबच्या दोन शहरांमधलं विमानाचं अंतर विचारलं की फट्‌दिशी आकडा मिळतो. लंडन ते न्यूयॉर्क, साधारण ५,५५० किलोमीटर. विमान ताशी नऊशेच्या आसपास जातं, म्हणजे भागाकार करून सव्वासहा तास यायला हवेत. प्रत्यक्षात न्यूयॉर्कला जाताना आठेक तास लागतात आणि परतताना सात, कधी त्याहूनही कमी. समुद्र तर दोन्ही वेळा तेवढाच!

ही सगळी करणी वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान प्रवाह वाहत असतो. जाताना तो छातीवर, येताना पाठीशी. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून निघालं ते पाच तासांच्या आत लंडनला टेकलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता. त्यात विमानाचा पराक्रम कमी, वाऱ्याची मेहेरबानी जास्त.

मला तर समोरच्या सीटच्या पाठीवरचा नकाशा सिनेमापेक्षा जास्त गुंगवतो. त्यावरचं विमान एवढं ढब्बू काढलेलं असतं की एका पंखाखाली अख्खं आइसलँड झाकून जातं. खाली आकडे बदलत राहतात: उंची, बाहेरचं उणे पन्नासच्या पुढचं तापमान, समोरचा वारा. ‘उरलेला वेळ’ मात्र एकाच आकड्यावर ठाण मांडून बसतो.

बरं, अंतर तरी सरळ असावं! सपाट नकाशावर लंडन ते लॉस एंजेलिस पट्टी ठेवली, तर रेघ अटलांटिक आणि जवळजवळ अख्खी अमेरिका कापत जाते. तेच पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. दोरा वर सरकतो आणि ग्रीनलंडवर जाऊन बसतो. पडद्यावर ग्रीनलंड दिसलं की विमान रस्ता चुकलं की काय, असं वाटणारा एखादा प्रवासी हमखास असतो. त्याला दोष देववत नाही. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा डोक्यातून सहजी जात नाही.

त्यात माणसांची भांडणं. २०२२ मध्ये रशियाने युरोपीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरं जागची तसूभर हलली नव्हती.

आणि वेळापत्रकातले तास तरी फक्त उडण्याचे कुठे असतात? विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा तो काळ. रांगेत उभं राहणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, सगळं त्यात. शिवाय कंपन्या पदरची थोडी मिनिटं वाढवून ठेवतात, उशीर दिसू नये म्हणून. त्यामुळेच कधीकधी वैमानिक खुशीत जाहीर करतो, आपण वीस मिनिटं लवकर पोचलो आहोत. लोक पट्टे सोडतात, फोन चालू करतात. मग दुसरी घोषणा होते: आपली जागा अजून रिकामी झालेली नाही, कृपया बसून राहा.