धूर कमी आणि ॲव्हरेज जास्त, दोन्ही एकदम का नाही?

मी इंजिनांच्या चाचण्या करते असं कळलं की एक प्रश्न हमखास येतो: "धूर कमी आणि ॲव्हरेज जास्त, असं इंजिन तुम्ही लोक का नाही बनवत?" तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी नीट उत्तर देते.

प्रश्नामागची समजूत अशी असते की इंधन कमी जळलं की धूरही आपोआप कमी होतो. कार्बन डायऑक्साइडपुरतं ते खरं आहे. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणारच, त्यामुळे तो कमी करायचा तर पेट्रोलच कमी जाळायला हवं. पण फुप्फुसं बिघडवणाऱ्या वायूंचं गणित वेगळं आहे, आणि कित्येकदा ते नेमकं उलटं जातं.

डिझेलचंच बघा. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाने 1897 साली चाचणीत सुमारे 26 टक्के कार्यक्षमता दाखवली. ती आली हवा प्रचंड दाबून तापवण्यातून. पण एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा हवेतला नायट्रोजन त्याच उष्णतेत ऑक्सिजनशी जुळतो आणि घातक ऑक्साइड तयार होतात. ज्वलन थंड ठेवायला थोडा धूर परत सिलिंडरमध्ये सोडला, तर काजळी वाढते आणि गाडी डिझेलही थोडं जास्त पिते. एक बाजू दाबली की दुसरी वर येते.

यातून खरी वाट काढली ती युरियाने. 32.5 टक्के युरियाचं द्रावण गरम धुरात फवारलं की त्यातून अमोनिया सुटतो आणि कॅटॅलिस्टवर, म्हणजे धुराच्या वाटेत बसवलेल्या सफाईच्या भागावर, तो नायट्रोजन ऑक्साइडचं पुन्हा नायट्रोजन आणि पाणी करतो. सफाई बाहेर गेल्यामुळे इंजिनाला आत पुन्हा गरम, म्हणजेच काटकसरीने जळता आलं. आमच्या क्षेत्रातली मला सगळ्यात आवडलेली सुधारणा हीच.

या ओढाताणीत काहींनी खोटेपणाही केला. फोक्सवॅगनने सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं की चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती स्वच्छ चालायची. 2015 मध्ये ते उघड झालं. मी आजही ते विसरू शकत नाही, कारण आम्ही घेतो ते आकडे म्हणजे कुणाच्या तरी श्वासातली हवा असते.

पेट्रोलमध्ये वेगळीच अडचण. धुरातले तिन्ही मुख्य घातक वायू एकदम साफ करणारा कॅटॅलिस्ट नीट चालतो तो 1 भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा असतानाच. हवा वाढवली तर ॲव्हरेज सुधारतं, पण नायट्रोजन ऑक्साइड तसेच निसटतात. म्हणून ते वाढीव ॲव्हरेज आपण बहुतेक गाड्यांत जाणूनबुजून सोडून दिलं. मला तो सौदा योग्य वाटतो.

माझी बरीच वर्षं मात्र गेली ती गाडी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या मिनिटावर. कॅटॅलिस्ट काम करू लागतो साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला. तोवर धूर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर. रात्रभर थंड खोलीत ठेवलेली गाडी आम्ही सकाळी सुरू करतो आणि पडद्यावरची हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या इंधनाची, रेषा उभी चढते. पुढच्या कित्येक किलोमीटरमध्ये ती तेवढी वर जात नाही. म्हणून प्लगची ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो, म्हणजे ज्वलनाची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी कॅटॅलिस्टकडे जाते. हो, तेवढा वेळ आम्ही स्वतःहून इंधन वाया घालवतो. ते डोळ्यांनी बघणं जिवावर येतं.

इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेल्या हायब्रिड गाड्यांनी गर्दीतल्या रस्त्यांवर मोठा फरक पाडला, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. पण तिथे इंजिन मध्येच बंद होतं, तसा कॅटॅलिस्ट निवतो आणि पहिलं मिनिट एकाच फेरीत पुन्हा उगवू शकतं.

सध्या आम्ही कॅटॅलिस्ट विजेवर तापवून बघतोय, इंजिन सुरू व्हायच्या थोडं आधीच. वीज लागते, म्हणजे पुन्हा थोडी ऊर्जा गेलीच. पण ती रेषा आता पूर्वीइतकी उभी चढत नाही. उद्या सकाळी पुन्हा थंड खोलीतून गाडी काढायची आहे, या वेळी बॅटरी अर्धीच भरलेली ठेवून.