पैसे कापून वर सल्ला

भाषांतराची कामं घ्यायला लागले आणि पहिल्याच महिन्यात मी एका बँकेला सल्ले द्यायला लावलं. पत्र दोन ओळींचं होतं. ‘वुई अ‍ॅडव्हाइज दॅट युअर अकाउंट हॅज बीन डेबिटेड’ अशी सुरुवात. मी लिहिलं, ‘आपल्या खात्यातून वरील रक्कम वजा करण्यात आली आहे, असा आम्ही आपणांस सल्ला देतो.’ टाइप केलं, एकदा वाचलं आणि पाठवूनही दिलं. काम तपासणाऱ्या बाईंकडून कागद परत आला, तेव्हा ‘सल्ला’भोवती लाल वर्तुळ होतं आणि शेजारी चार शब्द: ‘पैसे कापून वर सल्ला?’

शब्दकोश समोरच होता. त्यात ‘अ‍ॅडव्हाइज’चा पहिला अर्थ सल्ला देणे, दुसरा कळवणे. दुसऱ्या अर्थापर्यंत जायचा मी आळस केला होता, एवढंच. त्या दिवशी एक वही घातली. फसवणारे शब्द त्यात लिहायचे, एका शब्दाला एक पान. ‘अ‍ॅडव्हाइज’चं पान केव्हाच भरलं, आता मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर लिहिते.

बँकांच्या कागदांत हा शब्द बहुतेक वेळा ‘कळवणे’च असतो. डेबिट अ‍ॅडव्हाइस, क्रेडिट अ‍ॅडव्हाइस, रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस. यांतल्या एकातही कुणी कुणाला शहाणपण शिकवत नाही. पैसे गेले, पैसे आले, पैसे पाठवले, एवढाच निरोप असतो. पण खरा घोटाळा होतो तो ‘अ‍ॅडव्हायजिंग बँक’ या शब्दात. आयात-निर्यातीच्या व्यवहारात लेटर ऑफ क्रेडिट असतं. अटींप्रमाणे कागदपत्रं सादर झाली तर पैसे आम्ही देऊ, अशी खरेदीदाराच्या बँकेनं विक्रेत्याला दिलेली ती हमी. विक्रेता परदेशात असतो, म्हणून तिकडची एखादी बँक हे पत्र त्याच्यापर्यंत पोचवते. ती अ‍ॅडव्हायजिंग बँक. पत्र सकृद्दर्शनी अस्सल आहे ना हे तिनं पाहायचं आणि विक्रेत्याला कळवायचं. पैसे देण्याची जबाबदारी तिच्यावर येत नाही. ती जबाबदारीही घेणारी बँक हवी असेल, तर ती कन्फर्मिंग बँक. २००७पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि मराठीत मी या बँकेला चक्क ‘सल्लागार बँक’ म्हटलेलं पाहिलंय. वाचणाऱ्याला वाटणार, सौदा करावा की नाही ते ही बँक आपल्याला सांगेल! मी ‘कळवणारी बँक’ लिहिते. दिसायला साधं दिसतं, पण कुणाचं नुकसान होत नाही.

पुष्कळ वर्षं माझी समजूत अशी होती, की मुळात सल्ला हाच अर्थ असणार आणि कारकुनांनी तो घासूनघासून ‘कळवणे’ करून टाकला असणार. मूळ शोधायला गेले तर वेगळंच निघालं. लॅटिनमध्ये ‘व्हिदेरे’ म्हणजे पाहणं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘मला असं दिसतं’ अशा अर्थाचा एक वाक्प्रचार होता. त्याचं शेपूट तुटून ‘अव्हिस’ हा शब्द झाला, म्हणजे मत. इंग्रजीत तो आला तेव्हा त्यात ‘डी’ नव्हताच. पुढे पंधराव्या शतकाच्या आसपास लिहिणाऱ्यांना लॅटिनमधला ‘अ‍ॅड’ आठवला आणि त्यांनी तो मध्ये घुसवला. ‘अ‍ॅडव्हान्स’मध्येही त्यांनी तेच केलं. तिथे तर चुकलेच, कारण त्या शब्दाच्या मुळाशी ‘अ‍ॅड’ नसून ‘अ‍ॅब’ आहे. पण विद्वानांची चूक असल्यामुळे टिकली.

म्हणजे सल्ला, माहिती, सूचना या सगळ्यांच्या आधी ‘मला असं दिसतं’. मला जे दिसतंय ते तुला सांगते. ते नुसतं ऐकायचं की त्याप्रमाणे वागायचं, ते पुढचं पुढे. आजही फ्रेंच ‘अव्ही’चा अर्थ मत असाही होतो आणि जाहीर सूचना असाही. स्पॅनिशमधला ‘आविसो’ आणि इटालियनमधला ‘आव्वीझो’ तर सरळसरळ नोटीसच. तेव्हा माझ्या त्या बँकेनं शब्द अजिबात बिघडवलेला नव्हता. रिव्हाइज, सुपरव्हाइज, व्हिजिट, व्हिसा, व्हिडिओ हे सगळे याच घरातले. आपला ‘विद्’ धातूही त्याच प्राचीन मुळाचा, त्यामुळे विद्या आणि व्हिडिओ ही लांबची का होईना, भावंडंच. (मुलं व्हिडिओ बघत बसली की मला हे आठवतं आणि मी गप्प बसते.)

आपल्या ‘सल्ला’ची गोष्ट निराळी. तो अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ शब्द ‘सलाह’, आणि त्याच्या धातूत भलं असणं, नीट असणं हा भाव आहे. ‘मसलत’सुद्धा त्याच धातूची. म्हणजे ‘सल्लामसलत’ म्हणताना आपण एकच मूळ दोनदा उच्चारतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी डोळे आहेत, आपल्या शब्दाच्या मुळाशी हित. म्हणून पैसे कापल्याच्या पत्रात ‘सल्ला’ इतका खटकतो. तिथे कुणाचं हित दिसत नाही!

कामाच्या मेलमधलं ‘प्लीज अ‍ॅडव्हाइज’ हे आणखी एक प्रकरण. इंग्रजीचे कडक मास्तर त्याच्यावर चिडतात, कारण कोणाला आणि कशाबद्दल हे काहीच न सांगता क्रियापद अधांतरी सोडलेलं असतं. मला त्याचा राग येत नाही. पण त्याचं मराठी ‘कृपया सल्ला द्यावा’ असं होत नाही. ज्यानं माल कुठे अडकलाय एवढंच विचारलंय, त्याला सल्ल्याचं काय करायचं? ‘कृपया कळवावे’ पुरतं. कधी ‘पुढे काय करू ते सांगा’ असंही करावं लागतं. आणि तिसऱ्यांदा पाठवलेल्या मेलखाली तेच दोन शब्द असतील, तर त्यांचा अर्थ ‘आता तरी उत्तर द्याल का?’ एवढाच उरतो. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी ‘कळावे’ असायचं. ते सांगणाऱ्याचं, हे विचारणाऱ्याचं. दिशा उलटी, काम त्याच धातूचं.

इंग्रजी बोलताना आपली माणसं या क्रियापदाशी कुठे अडखळतात, तेही वहीत आहे. मराठीत सल्ला ‘देतात’. देणं आलं की कोणाला हे आलंच, म्हणून तोंडातून ‘ही अ‍ॅडव्हाइज्ड टू मी’ निघतं. तो ‘टू’ तिथे नको. हे क्रियापद मध्यस्थ न घेता थेट माणसाला धरतं: ‘ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टू वेट’. ‘सजेस्ट’चं बरोबर उलटं. त्याला माणूस असा थेट चालत नाही, तरी आपण हमखास ‘सजेस्ट मी अ बुक’ म्हणतो, कारण मनात ‘मला पुस्तक सुचव’ असतं. नामाचं तर विचारूच नका. मराठीत चार सल्ले मिळतात, न मागता आठ. इंग्रजीत हे नाम मोजता येत नाही. ‘पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ म्हणावं लागतं, म्हणजे सल्ल्याचा तुकडा. अनेकवचन दिसलंच तर ते व्यापारी पत्रव्यवहारात, आणि तिथेही ते सल्ले नसतात, निरोप असतात. उच्चाराची खूण मी अशी ठेवली आहे: क्रियापदाच्या शेवटी ‘रोज’मधला ज, नामाच्या शेवटी ‘रस’मधला स. लिहिताना पहिल्यात एस, दुसऱ्यात सी. ‘डिव्हाइज’ आणि ‘डिव्हाइस’ या जोडीलाही हीच खूण लागू पडते.

भाषांतर करताना मात्र क्रियापदाच्या पुढे काय आलंय तिकडे नजर ठेवावी लागते. माणसामागून ‘टू’ आला तर सल्ला. ‘ऑफ’ आला तर कळवणं. अटक करताना पोलीस माणसाला ‘अ‍ॅडव्हाइज’ करतात ते ‘ऑफ हिज राइट्स’, म्हणजे त्याच्या हक्कांची जाणीव करून देतात, हक्क बजाव असं सुचवत नाहीत. ‘अगेन्स्ट’ आला तर ‘करू नका’. सगळ्यात फसवा म्हणजे ‘दॅट’. ‘द डॉक्टर अ‍ॅडव्हाइज्ड दॅट ही लीव्ह’ म्हणजे त्यानं जावं असा डॉक्टरांनी सल्ला दिला. ‘दॅट ही हॅड लेफ्ट’ म्हणजे तो गेला आहे असं डॉक्टरांनी कळवलं. सुरुवातीचे शब्द तेच, निकाल लागतो तो शेवटच्या क्रियापदाच्या रूपावर. घाईत वाचणाऱ्यानं, म्हणजे मी, इथे दोनदा मार खाल्लाय.

आणि मग या शब्दाचं वजन. मला यात सगळ्यात जास्त रस आहे. सल्ला म्हटलं की मानणं न मानणं ऐकणाऱ्याच्या हाती, असं आपण धरून चालतो. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. ब्रिटनमध्ये पंतप्रधान राणीला किंवा राजाला देतात तो ‘अ‍ॅडव्हाइस’ मात्र त्यांनी मानायचाच असतो. २०१९ साली संसदेचं सत्र संपवण्याचा असा सल्ला राणीला दिला गेला आणि तिनं तो मानला. २४ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की मुळात तो सल्लाच बेकायदा होता, म्हणून सत्रसमाप्तीही झालीच नाही असं समजावं. राणीनं काय ठरवलं हा प्रश्नच आला नाही. सगळा खटला सल्ल्यावर चालला.

विमानांत तर याहून पुढची गोष्ट. दोन विमानं धोकादायकरीत्या जवळ आली की कॉकपिटमधलं टीकॅस हे यंत्र आधी ‘ट्रॅफिक अ‍ॅडव्हायझरी’ देतं, म्हणजे जवळ कुणीतरी आहे, लक्ष ठेवा. धोका वाढला की ‘रेझोल्यूशन अ‍ॅडव्हायझरी’ येते: वर जा, किंवा खाली जा. नावात अ‍ॅडव्हायझरी आहे, पण ती आली की वैमानिकानं पाळायचीच, जमिनीवरचा नियंत्रक उलटं सांगत असला तरी. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगनजवळ एका विमानाला यंत्र वर जायला सांगत होतं आणि नियंत्रक खाली. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. दुसरं विमान आपल्या यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. ७१ माणसं गेली, बरीचशी शाळकरी मुलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत यंत्राचाच शब्द वरचढ, हे निःसंदिग्ध करण्यात आलं. या ‘अ‍ॅडव्हायझरी’ला मी वहीत आधी ‘सूचना’ लिहिलं होतं. ते खोडून ‘आदेश’ केलं. मग पहिल्या प्रकारासाठी ‘इशारा’. एका शब्दाला दोन मराठी शब्द वापरले म्हणून एका गिऱ्हाइकानं तक्रार केली होती. मी बदलले नाहीत.

धमकीही याच क्रियापदातून देता येते, आणि आवाज न चढवता. मध्यंतरी उपशीर्षकांचं एक काम होतं. त्यात एक शांत, इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस साक्षीदाराला म्हणतो, ‘आय वुड अ‍ॅडव्हाइज यू टू कीप क्वाएट.’ ‘मी तुम्हाला गप्प राहण्याचा सल्ला देईन’ असं लिहिलं तर तो माणूस समुपदेशक वाटतो. ‘गप्प बसा’ लिहिलं तर गुंड वाटतो, आणि तो गुंड दिसत नाही यातच सगळी भीती आहे. शेवटी ‘गप्प राहिलात तर बरं होईल’ केलं. कोणाचं बरं, ते मोघम ठेवलं.

जुन्या इंग्रजी कायद्याच्या अहवालांत ‘क्युरिया अ‍ॅडव्हिसारी व्हल्ट’ अशी लॅटिन नोंद सापडते. न्यायालय कोणाकडे सल्ला मागायला गेलंय असं वाटतं, पण न्यायालयाला विचार करायला वेळ हवाय, एवढंच ती नोंद सांगते. आपण म्हणू, निकाल राखून ठेवला. स्वतःशी विचार करणं हाही या शब्दाचा एक जुना अर्थ, आणि तो ‘अ‍ॅडव्हाइजेडली’मध्ये अजून जिवंत आहे. मी हा शब्द जाणूनबुजून वापरतोय, असं सांगताना इंग्रजी माणूस ते क्रियाविशेषण काढतो. एके काळी मी त्याचं ‘सल्ल्यावरून’ केलं होतं. त्या कागदावरचं लाल वर्तुळ बँकेच्या पत्रापेक्षा मोठं होतं.

पुठ्ठ्यावरची शेवटची नोंद ‘इल-अ‍ॅडव्हाइज्ड’. आतला ‘अ‍ॅडव्हाइज्ड’ याच जुन्या अर्थाचा, विचार केलेला. तेव्हा ‘अविचारी’ म्हणून मोकळं व्हावं, तर तो शब्द थेट माणसाच्या अंगावर जातो. इंग्रजीत कसं, ऐकणाऱ्याला वाटतं, कुठल्यातरी गैरहजर सल्लागाराची ही चूक असावी, आपली नव्हे. गेल्या आठवड्यात एका मुलीनं वडिलांना लिहिलेलं पत्र आलं, मालमत्तेच्या वादातलं, वकिलामार्फत. ‘युअर इल-अ‍ॅडव्हाइज्ड डिसिजन.’ वडील मराठीच वाचतात, म्हणून भाषांतर हवं होतं. ‘अविचारी’ खोडलं, ‘चुकीचा’ खोडलं, ‘कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेला’ लिहिलं आणि तेही खोडलं, कारण असं कुणी सांगितल्याचं पत्रात कुठेच नव्हतं. ‘पुरेसा विचार न होता घेतला गेलेला निर्णय’ असं करून पाठवलंय. शब्द का वाढले, असं विचारायला वकिलांचा फोन अजून आलेला नाही.