भीतीला काम लावून दिलं

वारा उतरलाय. समुद्र अजून खवळलेलाच आहे, पण बॅरोमीटरचा काटा चढायला लागलाय आणि मला पेन धरता येतंय. काल रात्री मी किती घाबरले होते ते आजच लिहून ठेवते. चार दिवसांनी हीच हकीकत सांगताना त्यातली भीती मी नकळत गाळून टाकेन.

सगळ्यात वाईट वेळ वादळाची नव्हतीच, त्याआधीची होती. मोठं शीड आखडून झालं होतं, केबिनमधली प्रत्येक वस्तू बांधून झाली होती, आणि आता फक्त वाट बघायची होती. वारा दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे मला पाठ आहे. वाऱ्याचा वेग वीस नॉटचा (तासाला सागरी मैल) चाळीस होणार म्हणजे काय होणार, याचा हिशोब डोकं आपोआप करत बसलं. पोटात ढवळत होतं. ती मळमळ लाटांची की भीतीची, ते तेव्हा कळेना. दोन्ही एकमेकींना वाढवतात, एवढं मात्र आता नक्की सांगू शकते.

वादळ आल्यावर मी खाली होते. केबिनमध्ये नुसते आवाज ऐकू येतात, दिसत काहीच नाही. लाट कुशीवर आदळली की सगळी होडी ढोलासारखी घुमायची. डोलकाठीच्या तारांची शिट्टी चढत चढत किंकाळी झाली. प्रत्येक आवाजाला मी काहीतरी मोडल्याचं चित्र जोडत होते. नजर सारखी लाइफराफ्टकडे, म्हणजे जीव वाचवायच्या फुगवायच्या तराफ्याकडे, जात होती. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतल्या वादळात लोकांनी २४ होड्या सोडून दिल्या आणि त्यांतल्या बुडाल्या फक्त ५. राफ्टमध्ये गेलेल्यांपैकी काहीजण मात्र परत आले नाहीत. हे मी मनात पुन्हा पुन्हा घोकलं. होडी तरंगतेय तोवर होडीतच राहायचं.

मग स्किपर, म्हणजे आमचे कप्तान, वरून ओरडले, "वर ये, सुकाणू धर." वर जायचं नव्हतं मला. दारातून बाहेर पाऊल टाकायच्या आधी हार्नेसचा, म्हणजे होडीला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचा, हूक अडकवला, तो लागल्याचा खट्ट आवाज ऐकला, मग गेले. बाहेर लाटा खालून वाटत होत्या तेवढ्याच मोठ्या होत्या, पण आता त्यांना आकार होता. कुठली फुटणार, कुठली नुसतीच पोटाखालून सरकून जाणार, हे हळूहळू ओळखू यायला लागलं. एक लाट, तिच्यापुरतं सुकाणू. मग दुसरी. भीती गेली नाही, पण तिला बोलायला सवड उरली नाही.

मध्यरात्रीनंतर होडी थोपवायचं ठरलं. पुढचं छोटं शीड मुद्दाम उलट्या बाजूला ताणलं, आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळत राहील अशा बेताने सुकाणू बांधून टाकलं. शीड एकीकडे ढकलतं, सुकाणू दुसरीकडे. होडी वाऱ्याला तिरपी उभी राहते आणि सावकाश वाहत जाते. वारा तसूभरही कमी झाला नव्हता, तरी आदळआपट एकदम निम्मी झाली. हे मी शिकलेलं होतं, पण अंगाला काल पहिल्यांदा पटलं.

गंमत म्हणजे हात मोकळे झाल्याबरोबर भीती परत आली. स्किपरनी लॉगची वही माझ्यापुढे सरकवली. दर तासाला हवेचा दाब, वाऱ्याचा वेग आणि दिशा, आमचं स्थान. अक्षर बघितलं तर पहिल्या नोंदी वाचता येत नाहीत. पण पहाटे सलग दोन नोंदींमध्ये दाब सारखाच निघाला, पुढच्या तासाला एक मिलीबार वर. दाब चढतोय म्हणजे वादळ ओसरतंय. तो एक आकडा बघून मला रडू आलं.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला भीती वाटली का. "वाटली की," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले. पहारा आता माझा आहे. हार्नेसच्या पट्ट्याची शिवण एका जागी उसवलीये, ती अंधार पडायच्या आत घालायची आहे.